चारचा चहा, बॅच नंबर सात

१ फेब्रुवारी, सकाळ
काल रिटायर झालो. रंगाच्या कारखान्यात उभी हयात क्वालिटी कंट्रोल केलं, आता स्वतःसाठी जगायचं. निरोपाला घड्याळ देतील असं वाटलं होतं. झाकणाचे नवे कोरे रिकामे डबे दिले, खोकंभर. स्टोअरवाला म्हणाला, साहेब, कशालाही उपयोगी पडतील.

संकल्प: रोज सकाळी चालणे. घरच्या कामात लुडबूड न करणे. रोज चार वाजता हिच्याबरोबर चहा.

तिसरा सगळ्यात महत्त्वाचा. इतकी वर्षं चार वाजले की लॅबमध्ये थर्मासमधला चहा घशाखाली उतरवायचो आणि मनात म्हणायचो, आत्ता ही खिडकीपाशी एकटीच बसली असेल, बिचारी. ते आता संपलं. या एका गोष्टीसाठी मी रिटायर व्हायची वाट बघत होतो.

त्याच दिवशी, संध्याकाळ
तिसरा संकल्प पार पडला. लॅबमध्ये चार वाजता मनात काय म्हणायचो ते हिला सांगितलंही. चहा उत्तम. पण रविवारी होता तसा नाही. हिला विचारलं, मसाल्यात काय काय घालतेस आणि किती. म्हणाली, जे हाताला लागेल ते, अंदाजे.

अंदाजे. मी अंदाजे मिसळलेला रंगाचा एक डबा आयुष्यात गेटबाहेर जाऊ दिला नाही, आणि माझ्याच घरात अंदाजे.

ठरलं. चहाचा मसाला आपण करायचा. एकदा स्टँडर्ड बसवून दिलं की ही जन्माची मोकळी. ही लुडबूड नव्हे, मदत आहे.

३ फेब्रुवारी
वेलदोडे, मिरी, लवंग, दालचिनी, सुंठ, जायफळ आणलं. वाण्याला विचारलं, माल केव्हाचा. कालचाच म्हणाला. सगळे कालचाच म्हणतात.

सुंठ मिक्सरमध्ये घातली. मोठा आवाज झाला आणि मिक्सर थांबला. पातं वाकलं, सुंठ जशीच्या तशी. हल्लीच्या मिक्सरमध्ये दम नाही. ही म्हणाली, सुंठ आधी ठेचून घ्यावी लागते. मी म्हटलं, हे आधी सांगायचं. म्हणाली, सांगतच होते, मिक्सर चालू होता.

चालायला सुरुवात केली. कोपऱ्यावरच्या टपरीपर्यंत.

५ फेब्रुवारी
बॅच एक. खलबत्त्यात कुटून खांदा भरून आला. मसाला रंगाच्या पुडीइतका बारीक हवा, नाहीतर कपाच्या तळाशी गाळ बसतो. घरातली चाळणी जाड. कपाटात एक पांढरं तलम कापड मिळालं, घडीसुद्धा मोडलेली नव्हती. त्यातून मसाला असा काही चाळला गेला की मन भरून आलं.

संध्याकाळी कळलं, ते हिच्या नव्या ब्लाउजचं कापड होतं. पिवळट झालंय आणि वेलदोड्याचा वास मारतंय. मी म्हटलं, वास तर चांगलाच आहे. हिने कापड उचललं आणि समोरच्या इमारतीतल्या शिवणवाल्या बाईंकडे गेली, काही वाचवता येतंय का बघायला. तासाभराने आली ती हसतमुख. हिचा राग फार वेळ टिकत नाही, हा हिचा मोठा गुण.

७ फेब्रुवारी
बॅच दोन. मिरी वाढवली.

तपासणीची पद्धत बसवली. चहा काचेच्या ग्लासात घ्यायचा, खिडकीकडे धरायचा आणि कारखान्याच्या शेड कार्डाशी ताडून बघायचा. मग पाच मिनिटं स्थिर ठेवून गाळ मोजायचा. बॅच दोन जवळजवळ गेरूच्या शेडला गेली. गाळ नगण्य.

हे सगळं होईपर्यंत ही समोर बसून होती. म्हणाली, जरा पिऊन बघा की. मी समजावून सांगितलं की रंग कुणी पिऊन तपासत नाही, आणि तपासणाऱ्याने तटस्थ राहायचं असतं. शिवाय डॉक्टरांनी दिवसाला दोनच कप सांगितलेत, ते सकाळी टपरीवर होतात. तिथला चहा अगदी साधा असतो. बरा असतो तसा.

हिने दोन घोट घेतले आणि म्हणाली, वेगळा आहे. नोंद केली: पसंत.

ती आणखी काहीतरी सांगत होती, बहुतेक तिच्या मैत्रिणीबद्दल. गाळ मोजताना लक्ष विचलित होतं म्हणून थांबवलं.

९ फेब्रुवारी
चार वाजता ही घरी नव्हती. ब्लाउजचं माप द्यायला गेली.

चहा ठेवलेलाच होता म्हणून शेजारच्या बँकवाल्यांना बोलावलं. रिटायर होऊन त्यांना दोन वर्षं झाली, बिचारे रिकामेच असतात. बॅच तीनमध्ये जायफळ सढळ हाताने घातलं होतं. अर्धा कप झाला आणि ते सोफ्यावरच आडवे झाले. दिवेलागणीला त्यांच्या बायकोने येऊन हलवून उठवलं. निष्कर्ष: मसाल्याने मन शांत होतं. जाताना भिंतीला धरून म्हणाले, अगदीच वेगळा आहे हो तुमचा चहा.

१२ फेब्रुवारी
मुलीचा फोन. तिला डबा पाठवला होता. आधी तिने विचारलं, बाबा, घरात रंगकाम काढलंय का. डब्यावर कारखान्याचं नाव आहे, त्यामुळे गोंधळ झाला असावा. मग म्हणाली, मसाला छान वेगळा आहे, पण मी कालपासून चहा सोडलाय. जावईबापूही सोडणार आहेत. पोरगी शिस्तीची, माझ्या वळणावर गेलीये.

बॅच चारबरोबर ओलं आलंही किसून थेट दुधात टाकलं. चहा फाटला. दूधवाल्याला फोन करून चांगलं झापलं. हिने आल्याचं काहीतरी कारण सांगितलं, पण नीट ऐकू आलं नाही. ती दारात चपला घालत होती. पुन्हा माप.

१५ फेब्रुवारी
पुन्हा माप. मी ब्लाउज शिवलेला नाही, पण माणसाला दोन हात आणि एक पाठ. त्यात रोज बदलण्यासारखं काय आहे? त्या शिवणवाल्या बाई कापड अंदाजे कापत असणार. हिला म्हटलं, मी येऊन त्यांच्याशी बोलतो, मोजमापाची पद्धत लावून देतो. ही घाईघाईने म्हणाली, नको, बाई फार मानी आहेत.

एक मात्र आहे. हिच्या अंगात बराच उत्साह आलाय. चार वाजले की जिना भरभर उतरते. मिरी आणि सुंठीचा परिणाम.

खिडकीपाशी दोन कप मांडले होते. एक तसाच राहिला. जरा वाईट वाटलं. इथे कुणी वाचणार नाही म्हणून लिहितो.

१८ फेब्रुवारी
बॅच सात. याच्यापुढे सुधारणेला जागा नाही. शेड कार्डाला तंतोतंत. गाळ शून्य. डब्यावर स्वतःच्या हाताने चिठ्ठी लावली.

उद्या चार वाजता हिच्यासाठी खास चहा. टेबलावर स्वच्छ कापड (आधी विचारून घेतलं), बिस्किटं, तिचा आवडता निळा कप. तिला सांगितलं, उद्या माप वगैरे काही ठेवू नकोस. बघते म्हणाली. म्हणजे हो.

१९ फेब्रुवारी, ४.१०
आली नाही.

४.२०
कप गार होतोय. दोष हिचा नाही. दोष त्या शिवणवाल्या बाईंचा. एका साध्या ब्लाउजसाठी कुणाच्या संसारातला चारचा चहा मोडायचा म्हणजे काय. आज जाऊन सोक्षमोक्ष लावतो. बॅच सातचा डबा बरोबर घेतोय. बोलणं कडक असलं तरी कुणाकडे रिकाम्या हाताने जाऊ नये.

संध्याकाळ
जाऊन आलो.

बाईंचं दार उघडं होतं. शिलाई मशीनवर झाकण. खुंटीवर हिचा ब्लाउज, शिवून, इस्त्री करून तयार. खांद्यावरची धूळ बघताच कळलं की आज-कालचा नाही, चांगला आठवडाभर तिथे लटकत असणार. टेबलावर चहाचं पातेलं. ही पाय वर घेऊन खुर्चीत बसलेली, हातात कप, आणि हसत होती. इतकं हसताना मी हिला बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं. शेजारी बँकवाल्यांची बायको. कोपऱ्यात स्टुलावर खुद्द बँकवाले, टक्क जागे. मला बघताच त्यांनी कपात तोंड खुपसलं.

बाई म्हणाल्या, बसा ना, चहा घ्या, साधाच आहे. साधाच म्हटल्यावर सगळे एकदम गप्प झाले.

मोजमापाच्या पद्धतीवर मी जिन्यात चांगलं भाषण तयार केलं होतं. प्रत्यक्षात तोंडातून एवढंच निघालं, "झालं का माप?" बँकवाले म्हणाले, हो, झालं. त्यांचा काय संबंध?

डबा पाठीमागे धरून परतलो. ही मागून आली. रस्ता ओलांडला. जिन्यात थांबून म्हणाली, "तुम्ही कामावर असायचात तेव्हा चार वाजता मी एकटी चहा प्यायचे, तर तुम्हाला वाटायचं, बिचारी. अहो, दिवसभरात तेवढाच वेळ मला कुणी काही विचारायचं नाही. तरी तुम्ही घरी येणार म्हणून मला आनंद झाला होता. वाटलं, आता गप्पा मारायला माणूस आलं. आणि तुम्ही ग्लास उजेडात धरून बसलात."

मुद्दा विचारात घेण्यासारखा आहे.

२० फेब्रुवारी
चार वाजता ही गेली. या वेळी माप म्हणाली नाही, बाईंकडे जाते म्हणाली.

बॅच सातचा चहा केला. शेड कार्ड कपाटात ठेवलं. मोठा कप भरून घेतला आणि प्यायलो. पहिल्यांदाच.

पहिल्या घोटाला वाटलं, कपात काहीतरी पडलं. काही पडलं नव्हतं, मसालाच होता. जिभेला मुंग्या आल्या, मग जीभ आहे की नाही तेच कळेना. घशात लवंग अडकल्यासारखी झाली, ती अजून उतरलेली नाही. तपासणी अर्धवट सोडायची नाही म्हणून कप संपवला. ही घरी असायची तेव्हा दोन घोट घ्यायची. तोंड वाकडं न करता. मी तिला विचारायचो, शेड दिसतेय ना?

कारखान्यात असतो तर हा माल गेटवर अडवला असता. शेड मात्र अचूक.

२१ फेब्रुवारी
डबे मोरीत रिकामे केले. सगळ्या घराला वास लागलाय. शिंकून शिंकून हैराण. हिने खिडक्या उघडल्या, पण काही टोचून बोलली नाही. बोलली असती तर बरं वाटलं असतं.

दुपारी हिंमत करून विचारलं, उद्या चारला घरी बसशील का. चहा तूच कर. मी मसाल्याबद्दल अवाक्षर काढणार नाही. म्हणाली, चहाबद्दलही नाही. कबूल. दुधाबद्दल? कबूल. कपाच्या तळाशी काय दिसतं त्याबद्दल? याला मी थोडा वेळ मागितला. मग कबूल केलं.

तरी हो म्हणाली नाही. बघते म्हणाली. याचा अर्थ काय होतो ते आता मला माहीत आहे.

२२ फेब्रुवारी
सकाळी टपरीवर गेलो नाही. दोन्ही कप राखून ठेवले.

पावणेचारपासून खिडकीपाशी. समोर शिवणवाल्या बाईंचं दार उघडं दिसत होतं. बँकवाले रस्ता ओलांडून तिकडे गेले. चार वाजले. ही स्वयंपाकघरातून दोन कप घेऊन आली आणि बसली.

बोलायचं काय? चहा, दूध, कप, गाळ, सगळ्याला बंदी. मी विचारलं, त्या दिवशी बाईंकडे एवढं कशाला हसत होतीस. ती आधी नाही म्हणाली. मग सांगायला लागली. बँकवाले आमच्या सोफ्यावर कसे घोरत होते त्याची त्यांची बायको नक्कल करून दाखवत होती. पुढे बाईंची बहीण, मग ती मागे सांगत होती ती मैत्रीण, तिच्या घरातली भांडणं. हिला इतकी माणसं माहीत आहेत याची मला कल्पना नव्हती. बोलण्याच्या नादात तिचा कप तसाच राहिला.

मी पहिला घोट घेतला तेव्हाच लक्षात आलं. साखर नव्हती. कमी नव्हे, नव्हतीच. सगळी हयात ज्या कामात घालवली ते काम जिभेच्या टोकावर येऊन उभं राहिलं. चहाबरोबर गिळून टाकलं. दुसरा घोट. तिसरा. ती बोलत होती आणि मी ऐकत होतो. कप संपवला.

मग तिनेच विचारलं, "कसा झालाय?"

"छान," मी म्हटलं.

तिने स्वतःचा कप उचलला, घोट घेतला आणि माझ्या रिकाम्या कपाकडे बघत राहिली. "अहो, यात साखरच नाही. आणि तुम्ही सगळा प्यायलात? एका शब्दाने बोलला नाहीत?"

मी म्हटलं, कबूल केलं होतं ना.

ती उठून जवळ आली आणि माझ्या कपाळाला हात लावून बघितला. मग गळ्याला. ताप नाही म्हणाली. तरी लगेच डॉक्टरांना फोन लावला, यांना काहीतरी होतंय म्हणून सांगितलं. उद्याची वेळ मिळाली आहे, चारची. ती बरोबर येणार आहे.