लग दाबायचं मशीन

४ मार्च, मंगळवार

जळला! बर्फाच्या कारखान्यातला आमचा लग जळला!

काकडीएवढी जाड केबल, आणि टोकाचा लग काळा ठिक्कर. बाकी सगळे लखलखीत, हा एकटाच तोंड काळं करून बसलेला. मॅनेजरला समजावलं — केबलच्या तारांवर ही तांब्याची नळी चढवतात, मशीनने चहूबाजूंनी दाबतात, मग बोल्टने आवळतात. दाब कमी पडला की आत फट राहते, फट राहिली की तापतं. तो म्हणाला, "ते सगळं ठीक आहे हो ताई, पण माझा बर्फ वितळला ना!" नवीन पॅनेलचं काम आम्हालाच द्यायचंय म्हणे, पण असा आणखी एक लग निघाला तर दुसरे बघणार.

नवीन पॅनेल म्हणजे एकशेचाळीस लग. वर्षातलं सगळ्यात मोठं काम.

दादा लग हातात धरून नुसता उभा. मीही मूग गिळून बसले. लग कोणाचा ते मला ठाऊक आहे. त्याचा खांदा गेले कित्येक महिने धरलाय.

५ मार्च, बुधवार

आमचं हातपंपाचं मशीन. पंधरा-सोळा वेळा दांडा मारायचा. पुरा दाब बसला की 'टक्' वाजतं, त्याच्या आत थांबायचं नाही. हे दादानेच मला शिकवलं, वीस वर्षं झाली. मला तर आता हातालाच कळतं. पण त्याचा खांदा! दमून आधीच सोडत असणार.

सांगायचं कोणी? मी? चिडला तर परवडेल, पण तो चिडणार नाही. गप्प बसेल आणि जेवणार नाही.

वहिनीचा सल्ला घेतला. ती काहीतरी पुटपुटली. हल्ली या बाईच्या तोंडातून एक वाक्य धड बाहेर पडेल तर शपथ!

७ मार्च, शुक्रवार

सुचलं! सकाळी चहा पिताना मनगट चोळत बसले. म्हटलं, दादा, माझा हात हल्ली फार भरून येतो. बॅटरीचं मशीन बघू या का?

वाटलं होतं, तासभर ऐकून घ्यावं लागेल. तर लगेच म्हणाला, "घेऊ या. तुझ्यासाठी घेऊच या."

नाटक इतकं वठेल असं वाटलं नव्हतं. माणूस सुटकेचा श्वास सोडतो तसा चेहरा झाला त्याचा. बिचारा!

८ मार्च, शनिवार

मनगटाला पट्टी बांधून फिरतेय. काल कुठलं मनगट दुखत होतं ते आज आठवेना. वहिनी गालातल्या गालात हसली.

१० मार्च, सोमवार

अवजारांच्या दुकानात चार तास. मालक चष्मेवाला, बोलायला लागला की पट्टा सुटतो. आम्ही आमच्या केबलचे तुकडे, लग आणि जुनं मशीनही घेऊन गेलो होतो. प्रत्येक मशीनवर लग मारायचा, मग करवतीने आडवा कापून आत बघायचं. चांगला दाबला असेल तर तारा वेगळ्या दिसतच नाहीत, एकच चकचकीत चकती दिसते.

लांब दांड्यांचं मशीन — जाड केबलला चालणारच नाही, बाद. बॅटरीची दोन उरली. एक हलकं, सुटसुटीत, एका हातात मावणारं. दुसरं चांगलं किलोभर जड, आणि त्याला पाठीवर दिवा. खटका शेवटपर्यंत दाबून धरला तर हिरवा, मध्येच सोडला तर लाल. दोन्हींचे लग कापले. दोन्ही अव्वल.

मग दादाने आपल्या जुन्या हातपंपावर एक मारून कापला. तोही अव्वल! मी मनात म्हटलं, एका लगाला कोणीही दम लावेल, शंभराव्याला काय? मीही एक मारला. तो कापायचा राहिला. माझा कशाला कापायचा!

निवड उघड होती. हलकं. दादा म्हणाला, "दिव्याचं."

११ मार्च, मंगळवार

भांडलो. दिव्याचं काय लोणचं घालायचंय? किलोभर जास्त वजन, आणि एकशेचाळीस वेळा उचलायचं! "डोळ्याला दिसलं पाहिजे," एवढंच त्याचं पालुपद. ओरडूनच बोलतो आताशा. शेवटी मी म्हटलं, बरं, दिव्याचं घे. पण दाबायचं काम माझं, तू केबल सोलून दे.

वाटलं, आता पेटणार. तर मुकाट्याने "चालेल" म्हणाला.

फार वाईट वाटलं. ज्याने माझ्या हातात पहिला पाना दिला, त्याला मी बाजूला केलं. मागच्या खोलीत जाऊन रडले. मग तोंड धुऊन डाय, म्हणजे मशीनच्या जबड्यात बसवायचे साचे, मोजून ठेवले. आठही जागेवर होते.

१७ मार्च, सोमवार

उद्यापासून पॅनेल. मशीन तीन वेळा पुसलं. दादा म्हणतो, "आता त्याला टोपडं शिव."

१८ मार्च, मंगळवार

बावन्न लग, बावन्न हिरवे दिवे! कारखाना बंद होता, सगळं चिडीचूप. दादाला म्हटलं, फार गुणी मशीन आहे रे, जुन्यासारखी टक्टक् नाही, मुकाट्याने दिवा लावतं.

तो केबल सोलायचा थांबला. समोर येऊन, माझ्याकडे तोंड करून, सावकाश म्हणाला, "अगं, प्रत्येक लगाला वाजलंय."

म्हणजे तो जळलेला माझा होता. आणि दादाला ते त्याच दिवशी कळलं होतं.

शुक्रवारी कानाच्या डॉक्टरकडे. नंबर त्याने लावलाय, बरोबरही तोच येणार आहे.