एका ओंडक्यावर दोन चु

१९ जानेवारी १९३४, मणिबेली
आज परत दोन उमटले. एकाच सागावर एक चु, आणि त्याच्या डोक्यावर दुसरा चु. मार्क्याचा हातोडा मी एकदाच उचलला होता. पण लाकडावर बसताना हात थरथरला, हातोडा उडून पुन्हा बसला. चु म्हणजे आमचा ठेकेदार, चुनीलालशेठ. मार्का साफ नसला तर खाली भडोचचा व्यापारी माल घेत नाही.
शब्बीर मुनशी वाकून बघतो काय — "लोटन, चुचु? चिमनी बोली ऱ्हायनी का?" सगळे हसले. मीही हसलो. मग म्हणे, "सकायमाच मव्हानी पी लिधी वाटस."
थेंब घेतलेला नाही. सांगू कोणाला?

२२ जानेवारी
उजव्या हाताची शेवटची दोन बोटं माझी नाहीतच. भाकर तोडायला डावा हात लावला. कोणी पाहिलं नाही. हे लिहितानाही पेन्सिल घसरते. तिसरी शिकलेल्याचं अक्षर तसंही कोण बघतो.

२७ जानेवारी
करमसिंग माझ्याबरोबर ओंडके लोळवतो. तो आपल्या आईकडे घेऊन गेला — फुलीबाई, पाड्यावरची जाणती. तिने मनगट दाबलं, दाणे टाकले, म्हणाली वारं. आमच्या गावी, कोरीटलाही वारंच म्हणतात. अंग लुळं पडलं तरी वारं, अंगात देव आला तरी वारं. मी विचारलं, यातलं कोणतं? ती त्यांच्या बोलीत बराच वेळ बोलली. करमसिंगने मला एवढंच सांगितलं, "तिले बी नही समजत, दादा."
खरं बोलणारी बाई. दोरा मात्र बांधू दिला नाही.

६ फेब्रुवारी, तळोदा
तीन दिवस चालून दवाखान्यात. डॉक्टरने डोळे मिटायला लावून टाचणी टोचली, कुठं टोचली सांग म्हणाला. चुकलो. नाकाला बोट लाव म्हणाला, ते गालावर गेलं. नसांचं काहीतरी आहे म्हणे. वाढेल की थांबेल, सांगता येत नाही. मुंबईला दाखव.
"साहेब, नाव तरी सांगा."
"नाव नाही सांगता येत."
औषधाची बाटली त्याच्याच टेबलावर ठेवून आलो. ज्याला नाव नाही त्याचं औषध कसलं!

७ फेब्रुवारी
इथून कोरीट एका दिवसाची वाट. गेलो नाही. माय हात धरून रडेल. भाऊ म्हणेल, "मी सांगेलच व्हतं, येशी परत." भांडून निघालोय. हातोडा गेला तर त्याच्याच कपाशीत राबायचं. मरेन, पण नाही.

१५ फेब्रुवारी
युक्ती सापडली. डाव्या हाताने उजवं मनगट आवळायचं, मारायचं, लगेच मूठ सोडायची. हाताला थरथरायला वेळच द्यायचा नाही, मागे न बघता पुढच्या ओंडक्यावर जायचं.

२ मार्च
तराफे बांधायच्या आधी सगळे ओंडके फिरून पाहिले. एकही चुचु नाही. बोटं अजून मेलेलीच, काल चालताना पायही अडखळला. पण मार्का साफ! मुनशीला म्हटलं, "आते सांग, कोन पेयेल शे?" तो वही चाळत बसला.

११ मार्च
शेठ आला होता. मार्का बघून म्हणाला, छापखान्यातला वाटतो. वर्षभर ठेवतो म्हणाला. मायला पत्र टाकलं. हाताचं लिहिलं नाही. लिहायला उरलंय काय?

१२ मार्च
पहाटे नदीवर गेलो. करमसिंग कुऱ्हाडीने माझा कालचा चुचु तासून काढत होता. हातोडा मुनशीच्या पेटीत कुलपात असतो. आज तो मुनशीच्याच हातात. त्याने तासल्या जागी एकदाच मारला. साफ.
"कितला निंघतस रोजना?" मी विचारलं.
"पयले पाच-सहा," करमसिंग म्हणाला. "आते अठरा."
मुनशी माझ्याकडे न बघता म्हणाला, "शेठनी वरीसभर ठेवेल शे तुले. आमले सवय व्हई गई."
मी करमसिंगकडून कुऱ्हाड घेतली. मी बिघडवलेलं मीच तासणार.