भाताचा दोष नाही

प्रणाली,

तुले लिहिलेली तीन पत्रं फाडली. हेबी पेटीत टाकायची हिंमत नाही.

बाजारात जाताना तू बजावलं होतं, "रेवाले फळातली साखर जन्मापासून पचत नाही, भातच देजा." पण आपल्या वरूडच्या बगीच्यात संत्रे भावाविना सडून राहिले होते, अन् नातीच्या ताटात नुसता भात, हे मले पाहवलं नाही. ती नको म्हणत होती, तरी दोन संत्रे चारले. ती ओकली, गार पडली.

डॉक्टरांनी विचारलं, "काय खाल्लं?" तू म्हणाली, "भातच." मी गप्प राहिली.

पोरगी वाचली. पण आता अकोल्याले माहेरी तू तिले भातबी द्यायले भिते म्हणतात. भाताचा दोष नाही, बाई. पण खरं सांगितलं, तर तू मले तिचं तोंड दाखवशील का?

तुही सासू,
लीलाबाई