वर 'मामाकडील मंडळी', खाली कोरं

चि. अंगद यास,

घनसावंगीहून सोमेश्वरदादाचे आशीर्वाद (पद्धत म्हणून, राग तसाच आहे). तू फोन उचलत नाहीस, म्हणून हा कागद. पुण्यात तब्येत ठणठणीत असेल. असू दे, मी आलो की तिची गरज पडेल. इकडे सर्व कुशल आहे असं लिहायचं असतं. लिहीत नाही.

अर्पिताच्या लग्नाची पत्रिका, सख्ख्या बहिणीची म्हणून, मी आपल्याच कॉम्प्युटरवर जुळवली. पाहुण्यांची नावं एक्सएमएलच्या फाईलमध्ये ठेव आणि स्क्रिप्टनं वेचून घे, हे शहाणपण तुझं. मामाकडची सगळी नावं (तुझ्या भाषेत नोडसेट) एका व्हेरिएबलमध्ये घेतली. स्क्रीनवर चौकटीत छान दिसली. मग त्याच व्हेरिएबलमध्ये काकाकडची घ्यायची होती. आता पोत्यात हरभरा भरायचा तर आधीची तूर काढावीच लागते, हे शेतकऱ्याच्या पोराला कुणी शिकवावं लागत नाही. म्हणून व्हेरिएबलमधली नावं डिलीट केली, काकाकडची भरली, फाईल सेव्ह केली आणि चहाला गेलो. मला काय माहीत, त्या पोत्यात तूर नव्हतीच! व्हेरिएबलमध्ये नावांची नक्कल नसते, ते नुसतं फाईलमधल्या नावांकडे बोट दाखवतं. मी इथं पुसलं, ते मूळ फाईलमधूनच गेलं. (त्यात तुझंही नाव होतं, तेवढं एक बरं झालं.)

पाचशे पत्रिका त्याच फाईलवरून छापून आल्या. प्रूफ मी तपासलं होतं, पण काकाकडची बाजू, कारण काका भांडतात. देवापुढची झाली की पहिली पत्रिका मामाची, म्हणून आई हळदकुंकू घेऊन कुंभार पिंपळगावला गेली. भुजंगमामांनी, म्हणजे तुझ्याच वडिलांनी, चष्मा लावून वाचली. वर ठळक अक्षरांत 'मामाकडील मंडळी', खाली कोरं. घडी घालून आईच्या हातात परत दिली. म्हणाले, "उषे, आमच्याकडं कोणीच न्हाई राह्यलं, मंग येऊन काय करू?" आई जीपमध्ये घरापर्यंत रडत आली. अर्पिता म्हणते, मामा पाठीशी नसेल तर मी बोहल्यावर चढणार नाही. लग्न पंधरा दिवसांवर आलंय आणि मला तुझा भयंकर राग आलेला आहे.

तुझा आतेभाऊ (नाइलाजानं),
सोमेश्वर

ता. क. तुझा मागचा मेसेज आज पूर्ण उघडून वाचला. "दादा, व्हेरिएबल रिकामं करू नको, नवीन घेतलं की जुनं आपोआप जातं. अन् आधी फाईलची कॉपी काढून ठेव." एवढं लांब लिहिल्यावर कोण वाचतं?

ता. क. २. तरी मामांना जल्दी फोन कर आणि चूक तुझी होती असं सांग. तुला ते शिव्या देतील आणि येतील. तू पोरगा आहेस. मी पडलो भाचा, मी कबूल केलं तर काहीच बोलणार नाहीत, आणि येणारही नाहीत.