बाकी उरतेच

प्रिय हातच्या,

माझ्यानंतर नऊ वर्षांनी झालास, म्हणून बाबा तुला हातचा म्हणायचे. आज मुद्दाम त्याच नावाने लिहितोय. प्राध्यापकाला लिहायला बसलो, तर हातून शिवी जाईल. सकाळी देवापुढे बसून राग गिळायचं कबूल केलं होतं. गिळवत नाही.

बाबांनी छापखान्यातून आणलेले ते आठ शिशाचे खिळे, एकेका आकड्याचे, आठवतात? टेबलावर ओळीने मांडायचे: ७३९३९१३३. मूळ संख्या, एक आणि ती स्वतः सोडून कशानेही भाग जात नाही. आठ हजार सहाशेपर्यंत भागून ते पडताळायला मला गावच्या शाळेची अख्खी सुट्टी लागली होती. मग बाबा उजवीकडचा एक खिळा उचलायचे. ७३९३९१३. तीही मूळ. आणखी एक उचलला, तीही. असं करत एकट्या सातापर्यंत. तू हट्टाने उजवीकडे खडूने नववा आकडा जोडायचास. कुठलाही जोडलास तरी कशाचा ना कशाचा भाग जायचाच. बाबा म्हणायचे, "पोरा, हिला वाढवता येत नाही, पण कमी झाली तरी ही फुटत नाही."

गेल्या खेपेस तुझ्या बायको-मुलांसमोर ते ही संख्या म्हणायला लागले आणि ७३९३९ वर थांबले. तू हसलास. "बाबा, पुढचे तीन आकडे खाल्लेत की!" मुलंही हसली. बाबा मान खाली घालून चादरीची दशी ओढत राहिले. अरे शहाण्या, जगाला गणित शिकवतोस, आणि त्र्याहत्तर हजार नऊशे एकोणचाळीस मूळ आहे हे तुला दिसलं नाही? ते चुकले नव्हते. त्यांचे खिळे उजवीकडूनच गळताहेत. आधी काल-परवाचं गेलं, मग नातवंडांची नावं, मग सुना. डावीकडचं जिथल्या तिथे आहे. अजूनही पहिला घास मला भरवल्याशिवाय जेवत नाहीत. रोज विचारतात, हातचा शाळेतून आला का?

आणि तू फोनवर म्हणतोस, "दादा, त्यांच्यात आता बाकी काही उरलं नाही." जीभ कशी रेटली रे तुझी? मूळ संख्येला मधल्या कशानेही भाग, बाकी उरतेच. तुला मांडीवर बसवून त्यांनीच शिकवलंय हे.

वृद्धाश्रमाचा अर्ज मिळाला. तुझी सही झालेली आहे. माझी न करता परत पाठवतोय. सोबत पुडीत सहा खिळे आहेत, ९३९१३३. आज दुपारी बाबा नुसतं त्र्याहत्तर म्हणाले. सात आणि तीन त्यांच्या मुठीत आहेत, झोपेतही सोडत नाहीत. तो तीन सुटायच्या आत ये. सातावर आल्यावर त्यांच्या तोंडी तुझं नाव असेल की नाही, हे मला कुठल्याच भागाकाराने काढता येत नाही.

अजून तरी तुझाच,
दादा