दादा, मी विष घातलं नाही

बर्दिया, नेपाळ

लौटनदादा,

बाबांना वाघानं नेल्यापासून तू वाघाचं नाव काढू देत नाहीस. वाघिणीनं आपली म्हैस मारली तेव्हा तू कतारहून फोनवर म्हणालास, "उरलेल्या मांसात विष घाल." मी घातलं म्हणून सांगितलं. ते खोटं होतं.

पुडी घेऊन मी गेले होते. पण चिखलात वाघिणीच्या पावलांशेजारी पिल्लांची इवली पावलं दिसली आणि माझा हात पुढे होईना. मी घरी परतले. आई तांदळाच्या पिठाची ढिकरी वळत होती. पुडी पाहून म्हणाली, "तुझ्या बाबाला नेणारा वाघ वेगळा होता, पोरी. त्याला कधीच पकडून नेलं." तिनं पुडी काढून घेतली आणि खोल पुरली.

मग गावानं मिळून सगळ्या गोठ्यांना जाळी बसवली. आम्ही बायका गवताला घोळक्यानं जातो, मोठमोठ्यानं बोलत. या हिवाळ्यात ना जनावर गेलं, ना माणूस.

हे पत्र मी पाठवणार नाही. माघीच्या सणाला तू घरी आलास की समोर बसून सांगेन, तेव्हा हवं तेवढं रागव. मात्र एक ऐक. काल आईही आमच्याबरोबर आली. बाबा गेल्यानंतर पहिल्यांदाच तिनं जंगलात पाऊल टाकलं, आणि सगळ्यांत मोठा भारा तिचाच होता.

तुझी धाकटी,
जोखनी