आईच्या गोळीचा कण

भामरागड, बुधवार, दिवेलागण

पूल चौथ्या दिवशीही पाण्याखाली. सकाळी आमची चिमी कुत्री व्याली. तीन पिल्लं ठीक, चौथं मात्र अंगभर पाणी साचून फुगलेलं. बोटाने दाबलं की खळगा पडतो आणि तसाच राहतो. गुरांच्या डॉक्टरांना कसाबसा फोन लागला. "फार सुजलेली जगत नाहीत. हे दूध ओढतंय ना? मग लघवी वाढवून पाणी उतरवणाऱ्या औषधाने वाचेलही."

ते औषध घरातच आहे. आईच्या हृदयासाठीचं. चारच गोळ्या उरल्यात. डॉक्टर म्हणाले, कणभर पुरे.

आई ऐकत होती. "दे ना त्याले. काऊन विचार करून राह्यली?"

कण खरवडून पिल्लाला दिला, उरलेली गोळी आईच्या हातावर ठेवली. पिल्लाने दोनदा फडकं ओलं केलं. मी त्या फडक्याकडेच पाहत राहिले. आईने गोळी गिळली का, हे पाहिलंच नाही. का नाही पाहिलं?

आत्ता आईचं अंथरूण झटकताना ती गोळी उशीखाली सापडली.

"उद्या त्याले लागन. पूल बंद हाय, मी हे पाय घेऊन कुठी जाऊ?"

तिच्या पावलावर बोट दाबलं. पाणी आणलं, गोळी गिळेपर्यंत समोर उभी राहिले. खळगा तोवर भरला नव्हता.